अंगावर काढलेलं

मंगळवारी मुरबाड, गुरुवारी शहापूर. कल्याणहून जीपमध्ये मांडीवर नसा तपासायचं मशीन घेऊन जायचं आणि पोचल्यावर लाइट नाही हे ऐकायचं, असा माझा दोन हजार तीनचा हिवाळा चालला होता. लाइट असली तर अर्थिंग नसायचं. अर्थिंग नसलं की पडद्यावर नसांच्या सिग्नलऐवजी नुसती खरखर. मग कंपाउंडर देवराम तांब्याची तार घेऊन बोअरच्या पाइपाकडे पळायचा. वैताग नुसता. त्यात, तपासणीत शॉक देतात हे गावभर झालेलं, त्यामुळे निम्मे पेशंट दारातूनच परत.

अशाच एका मंगळवारी अक्षदाला तिच्या आईने आणि जीपवाल्याने खुर्चीत बसवून आत आणलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आल्या होत्या. पोरगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली, तान्हं आजीच्या छातीशी झोळीत बांधलेलं. आधी पायातला जोर गेला, आता हातातून वाटी सुटत होती.

"कधीपासून?"

"आठवडा झाला आसंल," आई म्हणाली. शकू तिचं नाव. वाळकी, काटक बाई. "बाळंतपणाची कमजोरी वाटली."

"तुम्ही लोक दुखणं अंगावर काढता आणि गळ्याशी आलं की आमच्याकडे आणून टाकता," मी फटकारलं. दिवसातून दहा वेळा मी हेच वाक्य बोलायचे.

घोट्यामागे शॉक दिला. निरोगी माणसाचा अंगठा टुणकन हलतो. हिचा हलला नाही. मनगटापाशी दिला तेव्हा हाताचा अंगठा हलला, पण उशिरा आणि जेमतेम. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही.

"नस म्हणजे वायर समजा," मी शकूबाईंना सांगू लागले. "वरचं प्लास्टिक सोलून निघालं की करंट मधेच विरतो. स्नायू धडधाकट असतात, त्यांना निरोपच पोचत नाही. हिचं शरीरच ते प्लास्टिक सोलतंय, खालून वर."

"कुटपर्यंत चढंल?"

"छातीपर्यंत. श्वासाच्या नसेला लागलं की संपलं. आज, आत्ता मुंबईला न्या. तिथे मशीन श्वास देतं."

तिने लेकीकडे पाहिलं, मग बाळाकडे. "लेकरू अंगावर पितं, बाई."

"म्हणून तर सांगतेय ना!"

"दुसऱ्या कुनाला घेता येत नाय?"

"काय घेता येत नाही?"

"दुखनं."

"अहो शकूबाई, दुखणं म्हणजे काय डोक्यावरचा हंडा आहे, हिचा उतरवला नि तुम्ही घेतला?"

तिने मान हलवली. समजल्यासारखी. मी चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढच्या मंगळवारी अक्षदा बाहेरच्या बाकावर बसून बाळाला पाजत होती. मला पाहून उठली. चालत आत आली.

"मुंबईत कुठे नेलं होतं?"

"नाय नेली," शकू म्हणाली. "घरीच बरी झाली."

माझं डोकं सणकलं. नसेचं आवरण परत यायला महिने लागतात. आठवड्यात बरं होणारं हे दुखणंच नव्हे. म्हणजे एक तर मागच्या वेळी माझं चुकलं होतं, नाही तर मशीन बोंबललं होतं. अक्षदाला टेबलावर घेतलं. पाय, हात, सगळं लख्ख. गुडघाही उडाला. मशीनच, दुसरं काय. देवरामला झोपवून पाहिलं: व्यवस्थित. स्वतःच्या हाताला शॉक दिला: व्यवस्थित.

"शकूबाई, या तुम्ही. झोपा इथे."

"मला कशाला?"

"मशीन तपासायचंय. या म्हटलं ना!"

तिने बाळ लेकीकडे दिलं आणि टेबलावर आडवी झाली. घोट्यामागे शॉक दिला.

काही नाही.

जेल नवीन लावली. पट्ट्या बदलल्या. करंट वाढवत शेवटपर्यंत नेला. एवढ्याला लोक किंचाळतात. ती छताकडे बघत होती. पाय नाही, हात नाही, पडद्यावर सरळ रेघ.

"देवराम, अर्थिंग बघ."

"बघितली, मॅडम. बरोबर हाय."

शेवटी मी पिंडरीत सुई घातली. स्नायू आवळला की स्पीकरवर कढईत लाह्या फुटाव्यात तसा ताडताड आवाज येतो. मेंदूचा निरोप पोचल्याचा आवाज तो. त्याशिवाय स्नायू हलूच शकत नाही.

"पाऊल खाली दाबा."

तिने दाबलं. सुईभोवतीचं मांस घट्ट झालेलं मला बोटांना लागत होतं. स्पीकर गप्प होता.

"परत दाबा. जोरात."

तिने दाबलं. आवाज नाही.

"तुम्ही चालता कशा?" मी अक्षरशः खेकसले. भीती वाटली की मी खेकसते.

"लेकराचं करावं लागतं, बाई."

मग ती दमल्यासारखी झाली. आठवडाभर झोपली नसावी. तिने डोळे मिटले, मान कलली, झोपेत पाय दचकला, आणि स्पीकरमधून एकदम लाह्या फुटू लागल्या.

"आये," बाहेरच्या बाकावरून अक्षदाची हाक आली. "आये गो, पायांना मुंग्या आल्या. बाळाला धर, बाळाला धर."

शकूने डोळे उघडले.

स्पीकर बंद पडला. बाहेर अक्षदा म्हणाली, "गेल्या. बसूनशी आल्या आसतील."

देवराम दारातून आत आला नाही. मी सुई काढली.

"तुम्ही माझ्याबरोबर मुंबईला चला," मी म्हणाले. "आज. हे वर चढेल."

"ठाव हाय. तुमीच सांगलं, छातीपर्यंत."

"मग?"

"मंग काय? मी उतरवलं तर ठेवू कुटं?" तिने पदर सारखा केला. "तिला बाळ वाढवायचंय."

चिठ्ठी लिहायला घेतली तर आजार कुणाच्या नावावर लिहायचा तेच कळेना. दोघी बाळाला घेऊन गेल्या. आई पुढे, भराभर चालत.

त्यानंतरच्या मंगळवारी थंडी कडाक्याची होती. मुरबाडच्या स्टँडवर उतरले तेव्हा जीपसाठी उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. चहावाल्याच्या, ड्रायव्हरच्या, मला घ्यायला आलेल्या देवरामच्या.

अक्षदा सासरी निघाली होती. तिकडच्या जीपमध्ये पिशव्या चढवत होती, धापा टाकत, हसत. शकू बाळाला छातीशी धरून बाजूला उभी होती. मी तिच्याकडे जवळजवळ पळतच गेले.

"कशा आहात?"

"बरी हाय की." आवाज खणखणीत होता. "काल छातीपर्यंत आलं. आता वर जायाला जागा नाय, थांबलं आसंल."

"श्वास लागतो?"

"नाय बा," ती म्हणाली. "तुमी उगाच घाबरवलंत. काय सुदिक होत नाय."

ती बोलत राहिली. नातवाला टोपी विणायची होती, लेकीला डिंकाचे लाडू पाठवायचे होते. मी तिच्या अगदी समोर उभी होते. बाळाच्या इवल्या तोंडातून वाफेचे पुंजके निघून तिच्या हनुवटीवर विरत होते. माझी वाफ तिच्या चेहऱ्यापर्यंत जात होती.

तिच्या तोंडातून फक्त शब्द येत होते.