चंपीच्या पोटातलं पाणी

"धावा डॉक्टर! माज्या चंपीला विख घातलान!"

परळचे गुरांचे डॉक्टर वीरेंद्र कोठारे लालबागच्या चाळीत पोचले, तेव्हा चंपी कुत्री उंबऱ्यात निपचित पडली होती. पोट फुगलेलं, पाय सुजलेले. विधवा कौसल्याबाईंना तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. भिंतीशी, जमलेल्या चाळकऱ्यांपुढे, शेजारचा गिरणी कामगार दौलत उभा होता. काल त्यानं चंपीला भाकरी टाकली होती. एवढ्यावरून चाळकरी आज संध्याकाळी त्याला खोलीबाहेर काढणार होते.

"सूज कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस झाले. कोसळली ती काल."

"दौलत, पंधरा दिवसांपूर्वी तू कुठं होतास?"

"तुरुंगात, साहेब. संयुक्त महाराष्ट्राचा सत्याग्रह. परवा सुटलो."

डॉक्टरांनी चंपीची लघवी काचेच्या नळीत धरून स्टोव्हवर तापवली. ती नासक्या दुधासारखी फुटली. चंपी मात्र पडल्यापडल्याच मान वळवून आपली करडी, चिकट पाठ चाटत होती.

"बाई, बोटातली ही अंगठी चांदीची?"

"सोन्याची हो! ह्यांची आठवण. ह्या महिन्याभरात पांढरी पडली. लग्नातच सोनारानं फसवलान, मेल्यानं!"

"चंपीला पिसवा आहेत?"

"होत्या ना. महिना झाला, रोज मलम चोळते. डोक्यातल्या उवांचं, जालीम आहे."

डॉक्टरांनी डबी मागून घेतली, वाचली आणि उसासा सोडला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात! मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. ती फाटली की रक्तातलं सत्त्व लघवीत जातं. म्हणून लघवी फुटली, म्हणूनच पोटात पाणी साचलं. हे एका भाकरीचं काम नाही, कित्येक दिवसांचं आहे. या मलमात पारा आहे. माणूस डोक्याला लावतो, पण डोकं चाटत नाही. कुत्री अंग चाटते. आणि पारा लागला की सोनं पांढरं पडतं."

सगळे अंगठीकडे बघू लागले.

"म्हणजे... मीच?"

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. पण खोटं बोलता येईना.

"मायेनं केलंत. पण तुम्हीच."

दौलत पाण्याची बादली आणि साबण घेऊन आला. चंपीची पाठ धुऊ लागला.

"अंगठी सोनार तापवील, पुन्हा पिवळी होईल," डॉक्टर म्हणाले.

"आणि तिची गाळणी?"

"फाटलेली सांधत नाही, बाई. उरलीय तेवढ्यावर जगवू."

कौसल्याबाईंनी अंगठी काढून ठेवली. बादलीपाशी बसल्या, पण चंपीला हात लावायचा धीर होईना.

"दौलता," त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं भाकरी तूच घाल तिला."