चार बोटांचा फरक

सोमवारी रस्ता रुंद करणारे मशीन टेकडीवर चढणार होते. त्याआधी तिथल्या दगडी थडग्याचा नकाशा पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत पोहोचला नाही, तर हजारो वर्षांच्या त्या शिळांची खडी होणार होती! म्हणून वाघोडिया गाव मागे टाकून, जीप पायथ्याशी सोडून, काटेरी रानातून दोन तास चढत आम्ही वर आलो: मी आणि धनाजीरावकाका. शहरातल्या पाणीगेट भागात राहणारे काका रेल्वेत चाळीस वर्षे मोजणी करून निवृत्त झालेले. आपली टेप कधी खोटे बोलत नाही, असे ते स्वतःच सांगत.

चार उभ्या शिळा, त्यांवर पाचवी आडवी, आणि एका बाजूला माणूस सरपटत जाईल एवढी फट. आत काय असेल? मला राहवेना! पण आधी मोजणी. शिळांच्या पायाशी अडकलेले गोटे आम्ही उपसून फेकले, पूर्वेच्या शिळेवर खडूने पहिली खूण केली, फोटो काढला.

दुपारी मापे घेत फिरून त्याच खुणेवर आलो, तर चार बोटांचा फरक! असा नकाशा कचेरी दारातूनच परत पाठवते.

"काका, हात थरथरतोय तुमचा," मी फटकन बोलले.

त्यांचा चेहरा उतरला. आतून मोजायला ते फटीत शिरले.

मी सकाळचा फोटो उघडून बघितला. त्यात पूर्वेची शिळा ताठ उभी. समोर? बाहेर कललेली! माप बरोबर होते. शिळाच सरकत होती, आणि तिचा टेकू आम्हीच उपसला होता.

"काका, बाहेर या!"

वर करकरले. माती कोसळली. मी काकांचे पाय धरले. ओढले. काका बाहेर!

धापा टाकत ते त्यांच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "आत मडकी छे, मृदुला. एक तर अख्खं. हात घातला की मिळेल."

हात शिवशिवत होता, खोटे कशाला बोलू! पण मी गोटाच उचलला. फोटोत बघून एकेक गोटा परत ठोकत बसलो, शिळा थांबेपर्यंत. मग काकांची माफी मागितली आणि सगळे पुन्हा मोजले. या वेळी नकाशा जुळला.

सोमवारी मशीन निघण्याआधीच तो दाखल झाला आणि रस्त्याने वळसा घेतला. नकाशाच्या कोपऱ्यात मी लिहिले होते: पूर्वेची शिळा चार बोटे कलली, ती माझ्या चुकीने. त्याखाली दोन सह्या आहेत. दुसरी काकांनी न मागता केलेली.