दशरथ पायगुडे कळवतात

१९९९ च्या सप्टेंबरातल्या एका बुधवारी आनंदीबाई पायगुडे सदाशिव पेठेतल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आल्या. नगरवार्ताहर नीरजासमोर त्यांनी गेल्या शुक्रवारचा अंक उघडला आणि एका बातमीवर बोट ठेवलं.

'आंबेटेकहून दशरथ पायगुडे कळवतात : काल आठवडे बाजारात चांगली गर्दी होती.'

"ह्ये माझं मालक. आषाढात गेलं. तवाच हितं चिठ्ठी दिलती," त्या म्हणाल्या. "आज बाजार बुडवून आलीया, ताई. मानूस गेला म्हनून दोन वळी छापा. लोकं मलाच इचारत्यात, नवरा कुठं दडवलाय?"

मेलेला वार्ताहर दोन महिने रोज बातमी पाठवत होता. नीरजाला स्वतःचीच लाज वाटली. ते ग्रामीण पान तिनंही कधी वाचलं नव्हतं.

पान दोघांच्या हातात होतं. श्यामसुंदर देव तीस वर्षांचे जुने उपसंपादक, संगणकाला न शिवणारे. सलिल जानेवारीत संगणकांबरोबरच आलेला. संशय साहजिकच सलिलवर गेला.

"मजकूर कुठून येतो?"

"सर कागद देतात, मी टाइप करतो. वाचायला टाइम कुठंय, मॅडम?"

ती देवांकडे वळली. "पायगुड्यांची पाकिटं कुठं आहेत?"

"रद्दीत. जपून ठेवायला त्या काय लग्नपत्रिका आहेत?"

नीरजानं दोन महिन्यांचे अंक चाळले. मग गेल्या वर्षीची बांधीव फाइल काढली. संध्याकाळी तिनं दोघांना व्यवस्थापक जयसिंगरावांच्या खोलीत नेलं.

"आंबेटेकचा बाजार बुधवारी भरतो," ती म्हणाली. "आपण दर शुक्रवारी 'काल बाजार' छापतोय. कारण रोज गेल्या वर्षीची त्याच तारखेची बातमी जशीच्या तशी येते. तारीख तीच राहिली, वार एकानं पुढे गेला. गेल्या वर्षी इथं संगणक नव्हते, म्हणजे जुना मजकूर कोणीतरी रोज फाइलीतून हातानं उतरवलाय. सलिलकडचे कागद मी पाहिले, ते हातानंच लिहिलेले आहेत. आणि हातानं लिहिणारे इथं आता एकच आहेत."

देवांनी नाकारलं नाही. "रिकामी झालेली जागा भरायची नाही, हे आपलंच पत्रक, साहेब. दशरथ गेल्याचं कळलं असतं तर आधी त्याची जागा गेली असती, मग पान, मग बाकीचे अकरा वार्ताहर. चिठ्ठी मीच फाडली."

जयसिंगराव मुळीच रागावले नाहीत. दोन महिन्यांत वाचकांच्या तक्रारी किती आल्या, एवढंच त्यांनी विचारलं. एकही आली नव्हती.

"मग ते अकरा तरी कशाला हवेत?"

जुन्या फायली टाइप करून ठेवायचं काम सलिलला मिळालं. देवांना शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. आपण हे शोधलंच नसतं तर बरं झालं असतं, असं नीरजाला वाटलं. तिनं आनंदीबाईंच्या दोन ओळींचं विचारलं.

"छापल्या तर दोन महिन्यांचे अंक खोटे ठरतात," जयसिंगराव म्हणाले. "जमायचं नाही."

पुढच्या आठवड्यात नीरजानं ग्रामीण पान आधी उघडलं. 'आंबेटेकहून दशरथ पायगुडे कळवतात : काल आठवडे बाजारात चांगली गर्दी होती.'

अंक गुरुवारचा होता. तिनं दाखवलेली चूक तेवढी दुरुस्त केली होती.