एक्केचाळीस नंबरची पाटी

तुम्ही पोरं नवी आहात, म्हणून सांगतो. सबस्टेशनवर माझ्या बरोबरीचा एक ऑपरेटर होता, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. त्या मंगळवारी रात्री त्याचं काम सोपं होतं. तार तुटली होती, वायरमन खांबावर चढला होता, तो परत येईपर्यंत लाइट बंद ठेवायची. वायरमन जाताना आपल्या नंबरची पत्र्याची पाटी लाइट चालू-बंद करायच्या हँडलवर अडकवून जातो. ज्याची पाटी, त्यानेच काढायची. तुम्हालाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं ना?

चार वर्षांपूर्वी भाऊने अशीच एक पाटी स्वतः काढली होती. फोनवर कुणी रडत होतं, याला कळवळा आला, वाटलं माणूस एव्हाना उतरला असेल. उतरला नव्हता. तो त्याचा मेव्हणा होता, सख्ख्या बहिणीचा नवरा. चिता पेटवण्याआधी त्याची ती एक्केचाळीस नंबरची पाटी भाऊने त्याच्याच खिशात ठेवली. बहीण भाऊकडे राहायला आली. दोन वेळ जेवायला वाढायची, त्या रात्रीबद्दल चकार शब्द काढायची नाही. त्या न बोलण्यानेच भाऊ पार थकून गेला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“साहेब, बाबांचं श्वासाचं मशीन... बॅटरी पाच मिनिटांची राहिलीय. लाइट सोडा ना.” मुलगी रडत होती.

“थांबा, ताई.”

दुसऱ्या फोनवरून त्याने वायरमनला लावला. लागेना. पुन्हा लावला. वीस मिनिटांचं काम, तास होऊन गेला होता. उतरलाच असेल...

भाऊ उठला. पाटी काढली. हात हँडलकडे नेला.

हाताला पत्रा लागला.

अजून एक पाटी. कडेने जळलेली. एक्केचाळीस.

खोलीत कुणी नव्हतं.

“साहेब...?”

“ताई... खांबावर माणूस आहे.”

पलीकडून मशीनचा आवाज तेवढा.

“मग थांबा,” ती म्हणाली.

वायरमनची पाटी त्याने परत अडकवली आणि खुर्चीत बसून राहिला. बाबांना शेजाऱ्यांनी गाडीत घालून वेळेत नेलं, ते वाचले. पण हे त्याला सकाळी कळलं. बसला होता तेव्हा माहीत नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

पावणेतीनला वायरमन आला. “फोन वरून पडला, भाऊ. सव्वादोनला दोन्ही हात तारेवर होते माझे.” त्याने आपली पाटी काढली. हँडलवर दुसरी नव्हती. ती आता टेबलावर होती, कुणी ठेवली ठाऊक नाही.

पहाटे भाऊ ती घरी घेऊन गेला. रस्ताभर खिशात गारच होती. बहीण जागी होती. त्याने पाटी तिच्या हातात दिली. तिने ती मुठीत घट्ट धरली... मग चार वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलली.

“दादा, ही अजून गरम आहे.”