न उठणाऱ्या गाद्या

पहिला संशयित: ड्रायव्हर

"टोक खाली दाब. बुडबुडे दिसले की ओरडायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं," वकील म्हणाला.

"मला पोहता येत नाही," शेपूट म्हणाली.

"तुला नाही, गादीला बुडवायचंय."

वकील हा स्वयंपाकीणकाकूंचा मुलगा. कशावरही वाद घालायचा, म्हणून वकील. शेपूट त्याची धाकटी बहीण; नावातच सगळं आलं. आणि टाकीत कोपरापर्यंत हात घालून गादी दाबून धरणारी ती किटली. राग आला की तिच्या नाकातून शिट्टी वाजायची. आज सकाळपासून वाजतच होती.

सकाळी एका पाहुण्याने सदरा वर करून मॅनेजरला पाठ दाखवली होती. पाठीवर खड्यांचे ठसे. "म्हणे आपोआप फुगणारी गादी! ही तर माझ्याआधी झोपली."

डोंगरावरच्या या कॅम्पात अंथरुणं सांभाळायचं काम किटलीच्या आबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. उद्या मालकीणबाई येणार होत्या, आणि मॅनेजर आधीपासूनच सगळ्यांना सांगत सुटला होता, "म्हाताऱ्याच्याने आता होत नाही." नोकरी गेली की आबांची खोलीही जाणार. शहरात आईच्या एका खोलीत त्यांना निजवायचं कुठे, हे आईलाही ठाऊक नव्हतं.

म्हणून गुन्हेगार सापडायलाच हवा होता. ड्रायव्हरचं आबांशी वाकडं होतं आणि त्याच्या खिशात टोच्या असायचा.

पण बुडबुडे आले नाहीत. तोंडाने फुंकून टम्म केलेल्या गाद्या एकामागून एक पाण्याखाली गेल्या आणि मुकाट पडून राहिल्या.

"भोक नाही, म्हणजे टोच्या नाही. ड्रायव्हर निर्दोष," वकील म्हणाला.

"तुला वाईट वाटतंय की काय?"

"खटला रंगला असता गं."

दुसरा संशयित: उंदीर

भोक नाही, म्हणजे उंदीरही नाही.

तिसरा संशयित

"मुळात या फुगतात कशा? आत पंप असतो?" वकिलाने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. कचऱ्यात एक फाटकी गादी पडली होती. किटलीने तिची चीर आणखी उसवली. आत पिवळा फोम, नुसती भोकंच भोकं.

"ही तर भांडी घासायची," असं म्हणून शेपूट स्वयंपाकघरातून स्पंज घेऊन आली. मुठीत चिरडला, मूठ उघडली. स्पंज अंग झाडून उठला.

"बघ, भरली हवा. कोणी भरली?" वकील म्हणाला.

"कोणीच नाही," किटली हळूच म्हणाली. "उठता उठता त्यानेच ओढून घेतली. गादीचंही तेच. कोपऱ्यातला व्हॉल्व्ह उघडला की दबलेला फोम उठतो आणि हवा आत ओढतो."

"मग या का उठत नाहीत?"

किटलीला लंगडी आठवली. लंगडी म्हणजे सुट्टीत आबांकडे आली की ती जिच्यावर झोपायची ती गादी. बांधायची दोरी तुटलेली म्हणून आबांनी नापास केलेली, त्यांच्या खाटेखाली व्हॉल्व्ह उघडा ठेवून नुसती पसरलेली. तिच्यावर किटलीला कधी खडा टोचला नव्हता. तिघांनी ती ओढून काढली, चेपली, सोडली. सुस्कारा टाकत लंगडी वर आली.

रंग तोच, वय तेच. फरक एकच, दोरीचा.

आबांची गुंडाळी कॅम्पभर प्रसिद्ध होती. गुडघा रोवून हवा काढायची, व्हॉल्व्ह पिळायचा, दोरी अशी आवळायची की गादी उसासारखी कडक व्हावी. पाहुणे नसतील तेव्हा महिनोन् महिने गाद्या तशाच. किटलीला ती गुंडाळी येते याचा तिला केवढा तोरा होता. इतका काळ दाबून ठेवल्यावर फोमला उठणं आठवणार कसं?

तिच्या नाकातली शिट्टी थांबली.

"तिसरा संशयित कोण?" शेपटीने विचारलं. वकिलाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आपण सांगायलाच नको," तो म्हणाला.

"मग नव्या गाद्या आणल्या तरी त्याही अशाच मरतील. आणि बोल आबांनाच." किटली उठली. "पण एवढ्या गाद्या एका कपाटात कोंबायला लावल्या कोणी? अंथरुणांच्या मोठ्या कोठाराला मॅनेजरने कुलूप का लावलंय?"

कौतुक

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंसमोर किटलीने लंगडी फुगवून दाखवली आणि साळसूदपणे म्हणाली, "गाद्या पसरून ठेवायला हव्यात. मॅनेजरकाका, मोठ्या कोठाराची किल्ली देता?"

"किल्ली... घरी राहिली."

"कमरेला आहे ती कसली?" शेपटीने विचारलं.

कोठार उघडलं. आत मॅनेजरच्या नव्या घराच्या फरश्या, छतापर्यंत.

मालकीणबाईंनी मॅनेजरला असं फैलावर घेतलं की वकील पाहतच राहिला. पण मॅनेजर मुरलेला. "फरश्यांचं चुकलं, बाई. पण मी कपाटात ठेवा म्हणालो. एवढ्या आवळायला कोणी सांगितलं?"

आबा दारात उभे होते. खोटं बोलायला अख्खा क्षण होता त्यांच्यापाशी. किटली मनातल्या मनात म्हणत होती, बोला, त्यानेच सांगितलं म्हणा.

"कोणी नाही," आबा म्हणाले. "मला वाटलं, घट्ट म्हणजे नीट."

मालकीणबाईंनी मुलांच्या पाठीवरून हात फिरवला. "मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी केलं." मग आबांकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही आता विश्रांती घ्या. लंगडी घेऊन जा, किटलीचं बक्षीस." मॅनेजरने फरश्या हलवायला मुदत मागितली. ती मिळाली.

खोली आवरायला फार वेळ लागला नाही.

"आबा, मी शोधायलाच नको होतं."

"शोध बरोबर आहे तुझा. शाबास," आबा म्हणाले. आवाज खरा होता, म्हणूनच तिला रडू आलं.

ड्रायव्हरने गाडीचं मागचं दार उघडलं. "गादी घट्ट गुंडाळा, आबा. जागा नाही."

आबांनी सवयीने गुडघा टेकला. थांबले. गुडघा उचलला.

"माझ्या मांडीवर राहू दे," ते म्हणाले आणि घडी मांडीवर घेऊन बसले. शेजारी बसलेल्या किटलीने व्हॉल्व्ह उघडा आहे ना, ते पाहिलं.

घाटभर लंगडी हळूहळू उठत राहिली. शेवटच्या वळणापर्यंत तिच्याआड आबांचा चेहरा दिसेनासा झाला.