खिशातला बल्ब

दिवा राहू द्या, पोरांनो, फक्त जरा मंद करा. ही आपल्या इब्राहिमिया मोहल्ल्यातल्या उस्ताज नज्मींची गोष्ट. गेल्या नोव्हेंबरात मकनसा नावाच्या वादळाने समुद्र रस्त्यावर आणला, त्या गुरुवारच्या रात्रीची.

नज्मी जमीन नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. जन्मभर त्यांनी कुणाच्या सहीवर विश्वास ठेवला नाही. स्वतःचीही दोनदा तपासत. बैठकीच्या झुंबराला नवे एलईडी लावले, तर ते लुकलुकायला लागले. मंद करावेत तर माशीसारखे गुणगुणत. म्हणून ते दसूकी वायरमनच्या दुकानात गेले.

दसूकी म्हणाला, "उस्ताज, दिवे मंद करायचा तुमचा डिमर जुना आहे. त्याला भरपूर वीज खाणारे बल्ब लागतात. पाच एलईडींनी त्याचं पोट भरत नाही. सहाव्या जागी हा जुना तारेचा बल्ब लावा."

"पडून राहिलेला माल खपवतोयस?"

"फुकट न्या."

फुकट का देतो, म्हणून नज्मींना नवा संशय आला. पण बल्ब लावला आणि दिवे शांत झाले.

मग दुसरंच सुरू झालं. पेपर वाचता वाचता खुर्चीत डोळा लागायचा, आणि जाग यावी तर झुंबर मंद केलेलं. बंद नाही, मंद. त्यांची बायको इन्साफ असंच करायची. काळोखात नवरा दचकून उठतो, हे तिला ठाऊक होतं. ती वसंतात गेली.

मुलगी रीहाम म्हणाली, "बाबा, तुम्हीच बटण फिरवता आणि विसरता. एकटं राहणं आता पुरे. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय, घर दाखवू." जावई वाएल शेजारी बसून मान हलवत होता. आणि वाएलकडे घराची किल्ली होती. नज्मींना एवढा पुरावा पुष्कळ झाला. म्हाताऱ्याला वेडा ठरवायचं आणि इन्साफचं घर विकायचं, असा हा डाव.

गुरुवारी त्यांनी सापळा लावला. जुना बल्ब काढून झग्याच्या खिशात टाकला. आता कुणी दिवे मंद केले, की ते लुकलुकणार, गुणगुणणार, आणि चोर सापडणार. दाराच्या आत त्यांनी पीठही भुरभुरलं. कारकुनी डोकं ते. मग दिवे पूर्ण लावून, पेपर छातीवर ठेवून ते डोळे मिटून बसले.

बाहेर वारा खिडक्या हलवत होता. अकरा वाजून गेले.

वारा थांबला.

मिटल्या पापण्यांवरचा उजेड... उतरायला लागला.

हळूहळू. सवयीच्या हाताने उतरावा तसा.

नज्मी कान देऊन बसले. गुणगुण नाही. लुकलुक नाही. पाचही दिवे अगदी शांत...

म्हणजे सहावा बल्ब पेटलेला होता. कुठेतरी.

त्यांनी डोळे उघडले. बटणापाशी कुणी नव्हतं. पिठावर एकही पाऊल नाही.

"वाएल?" ते म्हणाले.

...

मग फार हलक्या आवाजात, "इन्साफ?"

छातीवरचा पेपर कुणीतरी उचलला. घडी घातली. बाजूला ठेवला.

तेवढ्यात मांडीला चटका बसला.

सकाळी रीहाम वाएलसोबत गिऱ्हाईक घेऊन आली. नज्मींनी दार अर्धंच उघडलं. "घर विकायचं नाही," म्हणाले. "इथे अजून राहतात."

"कोण राहतात, बाबा?"

त्यांनी वाएलकडे किल्ली परत मागितली. संशय असा एका रात्रीत जात नाही.

तो झगा मी हातात धरून पाहिलाय. खिशावर बल्बाएवढा गोल, करपलेला डाग आहे. दसूकीचं म्हणणं, म्हाताऱ्याने गरम बल्बच खिशात टाकला असेल. असेलही. पण त्या रात्री दिवे लावायच्या आधी बल्ब काढला होता, हे दसूकीला कोण सांगणार?

आणि पेपराची घडी अजून तशीच आहे. चौपदरी. नज्मींना पेपराची घडी कधीच घालता आली नाही.