कोपराची खूण

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. पण माझा नेल्लोमामा थापा मारणाऱ्यांतला नाही.

गेल्या नोव्हेंबरातल्या दोन तारखेची गोष्ट. त्या दिवशी इटलीच्या तोस्काना भागातलं आमचं सगळं गाव आपल्या मेलेल्यांना फुलं वाहतं. मामाही भर दुपारी सायकल घेऊन वेशीच्या दगडी कमानीतून निघाला. जर्सीच्या पाठीवरच्या खिशात शेवंतीची जुडी. खिंडीपलीकडच्या वळणावर त्याचा जोडीदार इव्हो सायकलसकट दरीत गेला होता, तिथे ठेवायला.

"धुकं बघ की जरा!" ओर्नेल्लामामी ओरडली. "तूही गेलास तर मी भांडू कुणाशी?"

"सूप गरम ठेव. आलोच."

चढ संपता संपता मामाला धाप लागली. आणि जुन्या सवयीने त्याने उजवं कोपर झटकलं.

जोडीने सायकल चालवणाऱ्यांची ती खूण. मी दमलो, आता तू पुढे हो.

मागे कुणीच नव्हतं.

तरीही मागून आवाज आला... टिक् टिक् टिक्...

पायडल न मारता मोकळ्या सोडलेल्या चाकाचा.

डावीकडून कुणीतरी पुढे गेलं. धुक्यात नुसती पाठ दिसली. इव्होची निळी जर्सी!

मामाला रडूच फुटलं, आनंदाने. तो मागोमाग उतार उतरू लागला. पुढे इव्हो हात खाली करून खड्डे दाखवत होता. प्रत्येक खड्डा खरा निघाला.

"इव्हो! अरे, गप्प का? तुझी तर टकळी थांबायची नाही!"



वळण आलं... आणि पुढच्याने कोपर झटकलं.

आता तू पुढे हो.

मामाने करकचून ब्रेक दाबले. पडला, गुडघा फुटला. पुढचा वळलाच नाही. सरळ दरीत गेला.

पडल्याचा आवाज आला नाही...

फुलं तिथेच टाकून मामा सायकल ढकलत माघारी फिरला. टिक् टिक् टिक्... आपलंच चाक वाजतंय, त्याने मनाला समजावलं. खात्री करायला सायकल खांद्यावर घेतली.

चाक थांबलं.

मागचा आवाज थांबला नाही.

"अगं बाई! आज सायकलच तुझ्यावर बसली की काय?" दारात मामी हसली. मामाने आधी कडी लावली.

आता सायकल तळघरात टांगलीय, चाकं काढून. जेवतानाही मामा उजवं कोपर बरगडीला दाबून धरतो.

"मामा, आता कसली भीती?" मी एकदा विचारलंच. "तू त्याच्या पुढे गेला नाहीस ना?"

"म्हणून तर," तो हळूच म्हणाला. "पाळी अजून माझीच आहे."